टेबल उंच झाले. पण स्थिर राहिले का?

– प्रतिनिधी

दुकानात हे टेबल बहुधा बसण्याच्या उंचीवर मांडलेले असते. विक्रेता बटन दाबतो, दोन पोलादी खांब मंद घरघर करीत वर सरकतात, पटल कमरेच्या वर येते, ग्राहक कौतुकाने मान डोलावतो आणि टेबल पुन्हा खाली येते. व्यवहार जवळजवळ तिथेच ठरतो. या साऱ्यात एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे टेबल वर असताना त्यावर मनगटे टेकवून चार ओळी टंकित करून पाहण्याची. ती उणीव घरी आल्यावर जाणवते. उभे राहून कामाला सुरुवात करावी, तो संगणकाचा पडदा प्रत्येक अक्षरागणिक थरथरू लागतो. चहाच्या कपात तरंग उठतात. दोन-चार दिवस माणूस दुर्लक्ष करतो, मग टेबल खाली घेतो आणि ते पुन्हा वर जात नाही.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी असे एक टेबल दोन वर्षे होते. पहिला महिना उत्साहाचा गेला. पुढे ते साध्या टेबलासारखेच वापरले गेले, आणि त्यासाठी साध्या टेबलाच्या तिप्पट पैसे मोजले होते याची आठवण फक्त पंख्याच्या शेजारी गुंतलेल्या त्याच्या विजेच्या प्लगमुळे होत असे.

२०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करणाऱ्यांची संख्या वाढली आणि उंची कमी-जास्त करता येणारी विद्युतचलित टेबले आपल्या शहरांतील मध्यमवर्गीय घरांतही दिसू लागली. किंमत साधारण पंधरा-वीस हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढे जाते. इतका खर्च करताना बहुतेक जण मोटारी किती, वजन किती उचलते, बटनांवर किती उंची लक्षात ठेवता येतात, हे विचारतात. टेबल वर नेल्यावर हलते किती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक टेबल वापरले जाणार की नाही हे याच प्रश्नावर ठरते.

उभ्याने काम, आजचे आणि कालचे

उभे राहून काम करणे ही काही नवलाई नव्हे. वृत्तपत्राच्या कचेरीत तर नाहीच. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात जुळारी दिवसभर तिरप्या केससमोर उभे राहून एकेक अक्षर उचलीत. घरोघरच्या गृहिणींनी आणि आता काही गृहस्थांनीही ओट्यापाशी उभे राहून आयुष्याचा मोठा भाग घालवला आहे. मात्र जुळाऱ्याची घोडी जड लाकडाची असे, ओटा तर विटा-सिमेंटचा. दोन्हींची उंची कायमची ठरलेली. कोणी ओट्यावर कणीक तिंबताना तो डळमळतो अशी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. टेबलाने वर-खाली व्हावे अशी अपेक्षा आपण केली, तेव्हाच स्थैर्याचा प्रश्न निर्माण झाला. जे सरकू शकते त्यात सरकण्यापुरती फट असावीच लागते.

आरोग्याच्या दाव्यांविषयीही थोडे सांगायला हवे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील चालक व वाहक यांच्यावरील जेरेमी मॉरिस यांचा अभ्यास १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. बसून असणाऱ्या चालकांपेक्षा वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे त्यात आढळले. हा दाखला उभ्याने काम करण्याच्या बाजूने वारंवार दिला जातो. परंतु वाहक नुसते उभे नव्हते, ते दिवसभर जिने चढत-उतरत होते. नुसते तासन् तास उभे राहणे पाय, कंबर आणि रक्तवाहिन्या यांना जड जाते. म्हणूनच केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी २०१५ मध्ये केलेली शिफारस मधल्या मार्गाची आहे. कचेरीतील कामाच्या वेळेपैकी दोन तास उभ्याने किंवा हलक्या हालचालीत घालवावेत, आणि ते हळूहळू चार तासांवर न्यावेत, अशी ती शिफारस. अशा टेबलांमुळे बसण्याचा वेळ अल्पकाळात दिवसाला सुमारे १०० मिनिटांनी कमी होतो, असे २०१८ च्या कॉक्रन आढाव्यात दिसले. मात्र उपलब्ध पुरावा फारसा भक्कम नाही, हेही त्याच आढाव्याने नोंदवले.

याचा व्यवहारातील अर्थ असा की टेबल दिवसातून चार-सहा वेळा वर-खाली व्हायला हवे. वर नेल्यावर डगमगणारे टेबल कोणी दिवसातून सहा वेळा वर नेत नाही.

टेबल का हलते?

टेबलाचा प्रत्येक खांब म्हणजे एकमेकींत सरकणाऱ्या दोन किंवा तीन पोलादी नळ्या. आत मळसूत्री दांडा असतो, मोटार तो फिरवते आणि आतली नळी वर सरकते. दोन नळ्यांच्या मध्ये प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्या असतात. त्या फार घट्ट बसवल्या तर नळी अडकते, सैल बसवल्या तर खेळते. या पट्ट्यांची बसवण किती काटेकोर आहे, यातच चांगल्या आणि सामान्य टेबलातील निम्मा फरक असतो, आणि नेमका तोच भाग बाहेरून दिसत नाही.

समजा, पट्टी आणि नळी यांच्यामध्ये अवघी अर्धा मिलिमीटर फट आहे आणि नळ्या एकमेकींत २० सेंटीमीटर गुंतलेल्या आहेत. त्या जोडापासून अर्धा मीटर वर असलेले पटल सुमारे सव्वा मिलिमीटर सरकेल. पटलावर ठेवलेल्या पडद्याची वरची कड आणखी अर्धा मीटर वर, म्हणजे तिथे अडीच मिलिमीटर. टेबल आणखी उंच नेले आणि गुंतवण १० सेंटीमीटरच उरली, तर हे आकडे दुप्पट होतात. अडीच मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण पडद्यावरचे बारीक अक्षर साधारण तेवढ्याच उंचीचे असते. डोळ्यांना ही थरथर लगेच कळते.

फटीखेरीज दुसरे कारण खांबाच्या वाकण्याचे. एका टोकाला घट्ट रोवलेल्या काठीच्या मोकळ्या टोकाला आडवा रेटा दिला, तर ती किती वाकेल हे तिच्या लांबीच्या घनावर अवलंबून असते. त्या हिशेबाने ७२ सेंटीमीटरवर असलेले टेबल १०५ सेंटीमीटरवर नेले की तेवढ्याच रेट्याने ते तिपटीहून अधिक झुकेल. प्रत्यक्षातला खांब एकसंध काठी नसतो, वरची नळी खालच्यापेक्षा बारीक असते, त्यामुळे वास्तव याहून काहीसे वाईटच. बसण्याच्या उंचीवर केलेली परीक्षा उभ्याच्या उंचीविषयी काहीच का सांगत नाही, ते यावरून लक्षात यावे.

हादरेही दोन दिशांचे असतात. डावीकडून उजवीकडे होणारी डगमग माऊस फिरवताना किंवा हाताने लिहिताना जाणवते. मागे-पुढे होणारी डगमग टंकलेखनात आणि टेबलावर रेलल्यावर जाणवते, आणि पडदा हलण्याचे मुख्य कारण तीच. पहिलीवर उपाय म्हणजे दोन खांबांना जोडणारी आडवी पट्टी. जुन्या धाटणीच्या सांगाड्यांत ती गुडघ्याच्या उंचीवर असे आणि बसताना आडवी येई. आता बहुतेक उत्पादक ती थेट पटलाखाली घेतात. ती पट्टी रुंद आणि जाड पत्र्याची असावी. दुसऱ्या डगमगीवर उपाय जमिनीवरच्या पायांचा. पाय पटलाच्या खोलीपेक्षा फारसे आखूड नसावेत. ७० सेंटीमीटर खोल पटलाखाली ५० सेंटीमीटरचे पाय दिसले तर तिथेच थबकावे. खांब पायाच्या मध्यावर आहे की मागच्या बाजूला सरकवलेला आहे हेही पाहावे. मागे सरकवलेल्या रचनेत गुडघ्यांना ऐसपैस जागा मिळते, पण पुढच्या कडेवर रेलणाऱ्याचा भार खांबापासून लांब पडतो. रेलून काम करण्याची सवय असणाऱ्यांनी खांब मध्यावर असलेला सांगाडा घ्यावा.

आधी स्वतःचे कोपर मोजा

दुकानात जाण्यापूर्वी घरी पाच मिनिटांचे एक काम करावे. सरळ उभे राहून हात कोपरात काटकोनात वाकवावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजून घ्यावी. ती साधारणपणे माणसाच्या उंचीच्या ६३ टक्के भरते. १६५ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे पाच फूट पाच इंच उंचीच्या व्यक्तीचे कोपर १०४ सेंटीमीटरवर येते. पाच फुटांपेक्षा किंचित कमी, १५० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचे ९५ सेंटीमीटरच्या आसपास. टेबल तेवढेच किंवा एखादा सेंटीमीटर खाली असावे. जाहिरातीतील माणसे बूट घालून उभी असतात. आपण घरात अनवाणी वावरतो, हे विसरू नये. पायाखाली जाड पायपुसणे किंवा रबरी गादी घेणार असाल तर तिची जाडी मात्र मिळवावी.

हीच मोजणी खुर्चीत बसूनही करावी. पावले जमिनीवर पूर्ण टेकलेली असताना १६५ सेंटीमीटरच्या व्यक्तीचे कोपर ६३-६४ सेंटीमीटरवर येते, १५० सेंटीमीटरच्या व्यक्तीचे ५८ च्या आसपास. आता बाजारातील टेबलांकडे पाहावे. दोन नळ्यांचे खांब असलेली पुष्कळ टेबले ७० सेंटीमीटरच्या खाली येतच नाहीत. बुटक्या व्यक्तीला मग खुर्ची उंच करून पाय लोंबकळत ठेवावे लागतात. तीन नळ्यांचे खांब ६०-६२ सेंटीमीटरपर्यंत खाली येतात आणि वर १२०-१२५ पर्यंत जातात. युरोपातील ईएन ५२७ या मानकाने बसून आणि उभ्याने वापरण्याच्या टेबलांसाठी ६५ ते १२५ सेंटीमीटरचा पल्ला धरला आहे, तो तिकडच्या उंच माणसांना सामावून घेण्यासाठी. आपल्याकडील बहुसंख्यांना वरच्या १५ सेंटीमीटरांची गरजच पडत नाही. एका अर्थी ही आपली सोय आहे. टेबल जितके कमी उंच न्यावे लागेल तितके ते स्थिर.

तीन नळ्यांचा खांब दोन नळ्यांपेक्षा स्थिर की अस्थिर, यावर विक्रेते हिरिरीने बोलतात. तीन नळ्या म्हणजे दोन जोड, म्हणजे फटीच्या जागा दोन. उलट प्रत्येक नळीला कमी बाहेर यावे लागते, त्यामुळे गुंतवण अधिक राहते. कोणती बाजू वरचढ ठरेल हे बनावटीवर अवलंबून आहे. तेव्हा नळ्यांची संख्या बसण्याच्या उंचीवरून ठरवावी आणि स्थैर्य हाताने तपासावे. एकाच मधल्या खांबावर उभी असलेली स्वस्त टेबले मात्र उभ्याने टंकलेखनासाठी घेऊ नयेत, असे स्पष्टच म्हणावे लागेल.

आकड्यांचा मोह

‘१२० किलो भार उचलण्याची क्षमता’ हे वाक्य माहितीपत्रकावर ठळक असते. हा आकडा मोटारींचा आहे, सांगाड्याच्या स्थैर्याचा नव्हे. घरातील टेबलावर दोन पडदे, लॅपटॉप, दिवा आणि पुस्तके मिळून २५-३० किलोंच्या वर वजन क्वचितच जाते. ‘बिफ्मा’च्या प्रमाणपत्राचेही तसेच. या अमेरिकी मानकांतून टेबल मजबूत आहे, सहजी कलंडणार नाही, वर्षानुवर्षे टिकेल, एवढे कळते. ते महत्त्वाचे आहेच. टंकलेखन करताना पडदा किती थरथरेल, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यापेक्षा सांगाड्याचे स्वतःचे वजन विचारावे. दोन खांबांचे चांगले सांगाडे पटलाशिवाय साधारण २५ ते ३५ किलोंचे असतात. पोलादाला पर्याय नसतो. हलका सांगाडा म्हणजे बहुधा पातळ पत्रा.

मोटार एक असावी की दोन, याचाही स्थैर्याशी थेट संबंध नाही. एका मोटारीच्या टेबलात षट्कोनी दांडा दोन्ही खांब एकत्र फिरवतो, दोन मोटारींच्या टेबलात प्रत्येक खांबाला स्वतंत्र मोटार असते. दुसरा प्रकार सहसा वेगवान आणि कमी आवाजाचा. सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने ७२ वरून १०५ सेंटीमीटरवर जायला तेरा सेकंद लागतात, ३८ मिलिमीटर वेगाने नऊ. चार सेकंदांसाठी किती पैसे मोजायचे, ते ज्याने त्याने ठरवावे.

पटल, सुतार आणि पावसाळा

पटल सांगाड्याबरोबरच घ्यावे असा नियम नाही. नुसता सांगाडा विकत मिळतो आणि पटल सुताराकडून करून घेता येते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा विचार जरूर करावा, कारण अनेक तयार पटले लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या फळीची असतात. तिच्या कडेचा लॅमिनेटचा पदर सुटला की पावसाळ्यात ती फुगते, आणि फुगलेल्या फळीत स्क्रूची पकड राहत नाही. स्क्रू सैल झाले की उत्तम सांगाडाही डळमळतो, आणि दोष सांगाड्याला दिला जातो.

आयएस ३०३ या मानकाचे बीडब्ल्यूआर प्रतीचे प्लायवूड घरातील वापराला पुरेसे आहे. १९ मिलिमीटरच्या फळीला खालून ६ मिलिमीटरची जोड दिली की २५ मिलिमीटरचे भक्कम पटल तयार होते. १४० बाय ७० सेंटीमीटरचे असे पटल सुमारे १६ किलोंचे भरते. सुतारावर काम सोपवताना एक दक्षता घ्यावी. सांगाड्याबरोबर आलेले स्क्रू २५ मिलिमीटरच्या पटलाच्या हिशेबाने दिलेले असू शकतात. १८ मिलिमीटरच्या फळीत ते वरून बाहेर येतील. ते आधी मोजून घ्यावेत, आणि बारीक भोके पाडल्याशिवाय थेट पिळू नयेत.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा प्रश्न आणखी निराळा. अकरा महिन्यांचा करार संपला की टेबल सुटे करायचे, टेम्पोत टाकायचे, नव्या घरी पुन्हा जोडायचे. भुशाच्या फळीतील तेच भोक दोन-तीन वेळा पिळले की निकामी होते. अशांनी पटलात धातूच्या आट्याच्या चकत्या आधीच बसवून घ्याव्यात, म्हणजे स्क्रू धातूत फिरतो, लाकडात नाही. खर्च नगण्य आहे.

जमीन आणि भिंत

उडुपी हॉटेलातील टेबलाखाली घडी घातलेला कागद सर्वांनी पाहिला असेल. टेबलात दोष नसतो, फरशी सपाट नसते. आपल्या सदनिकांतही फरशीला गॅलरीकडे किंवा दाराकडे थोडा ढाळ आढळतो. म्हणून पायाखाली फिरवून उंची जुळवता येतील अशी बुडे आहेत ना, हे पाहावे, आणि टेबल जोडल्यावर चारही बुडे टेकली आहेत याची खात्री करावी. एखाद्या बुडाखालून कागद सरकत असेल तर डगमगीचे कारण तिथेच सापडले. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर बुडांना रबर हवे. चाके लावण्याचा मोह टाळावा.

टेबलाची जागा ठरवताना वर पाहण्याची सवयही हवी. खिडकीची पुढे आलेली चौकट, भिंतीवरचे पुस्तकांचे फडताळ, उघडी खिडकी, यांपैकी काहीतरी वर येणाऱ्या पटलाच्या वाटेत असतेच. अडथळा लागताच थांबणारी यंत्रणा बहुतेक टेबलांत असते, पण तिच्यावर विसंबू नये. पटल आणि भिंत यांत तीन-चार सेंटीमीटर अंतर ठेवावे. घरात लहान मुले असतील तर बटनांना कुलूप आहे का, हे जरूर विचारावे. वायरींनाही वर जाण्यापुरती लांबी हवी. नाही तर टेबलाबरोबर मोडेमही वर निघतो.

वीज गेल्यास टेबल कोसळत नाही, आहे तिथेच राहते. अडचण एवढीच की ते वर असताना वीज गेली तर येईपर्यंत उभे राहावे लागते! इन्व्हर्टर असल्यास प्रश्न मिटतो. वीज परतल्यावर काही टेबले बटनांना दाद देत नाहीत. खालचे बटन दाबून ती तळापर्यंत न्यावी लागतात, मग पूर्ववत चालतात. दुरुस्तीला येतात ते बहुधा खांब नव्हेत, तर नियंत्रण पेटी आणि बटनांचा संच. या दोन वस्तू सुट्या मिळतात का, हे हमीच्या वर्षांपेक्षा आधी विचारावे.

दुकानातली दहा मिनिटे

परीक्षा अशी घ्यावी. टेबल स्वतःच्या कोपराच्या मोजलेल्या उंचीवर न्यायला सांगावे. विक्रेता अगदी वर नेऊ लागला तर थांबवावे, कारण त्या उंचीवर आपण काम करणार नाही. रिकामे टेबल आणि भरलेले टेबल वेगळे वागते, म्हणून त्यावर एखादा पडदा किंवा निदान आपला लॅपटॉप ठेवावा. शेजारी पाण्याचा पाऊण भरलेला पेला. मग नेहमीच्या जोराने टंकलेखन करावे आणि पाण्याकडे पाहावे. त्यानंतर पुढच्या कडेला तळहाताने हलकेच मागे रेटून सोडावे. थोडे हलणारच, पाहायचे ते हे की थरथर एका झटक्यात थांबते की चार-पाच हेलकावे घेते. हीच कृती बाजूने. शेवटी दोन्ही कोपरे टेकून रेलावे. विक्रेत्याच्या चेहऱ्याकडे पाहू नये.

पडद्यासाठी पटलाच्या कडेला आवळायचा लांब हात घेण्याची सध्या पद्धत आहे. तो दिसतो सुबक, पण टेबलाचा लहानसा हादराही मोठा करून दाखवतो. आहे ते टेबल हलते अशी तक्रार असणाऱ्यांनी नवे घेण्याआधी पडदा त्या हातावरून काढून जड बैठकीच्या स्टँडवर ठेवून पाहावा. पुष्कळदा निम्मी तक्रार तिथेच दूर होते. उरलेली बोल्ट आवळून. जोडणीनंतर महिन्याभराने सर्व बोल्ट षट्कोनी चावीने पुन्हा आवळायचे असतात, हे माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असते आणि ते पान सहसा कोणी उघडत नाही. प्रस्तुत प्रतिनिधीनेही उघडले नव्हते.

घरी ऐसपैस जागा असेल तर आणखी एक मार्ग आहे, तो कोणी विक्रेता सांगणार नाही. बसण्याचे साधे टेबल राहू द्यावे आणि कोपराच्या उंचीचे, तिरक्या आधारपट्ट्या असलेले एक अरुंद लाकडी टेबल सुताराकडून करून घ्यावे. लॅपटॉप उचलून इकडून तिकडे न्यायचा. हे टेबल ओट्यासारखे निश्चल राहते, विजेवर चालत नाही आणि बिघडत नाही. दोन खोल्यांच्या सदनिकेत दोन टेबलांना जागा कुठून आणायची, हा प्रश्न उरतोच, आणि म्हणूनच वर-खाली होणारे टेबल विकले जाते.

ऑनलाइन मागवणाऱ्यांना दुकानातील परीक्षा घेता येत नाही. त्यांनी टेबल आल्याच्या दिवशीच जोडून ती घरी घ्यावी, आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोके फाडू नये.